सरोवराकाठच्या वास्तूची वाटचाल

अमेरिकेतील मॅडिसन शहरात, मेंडोटा सरोवराच्या काठावर विस्कॉन्सिन विद्यापीठाची मेमोरियल युनियन उभी आहे. या विद्यार्थी-वास्तूचे बीज 1904 मध्ये रोवले गेले. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स व्हॅन हाइस यांनी पदग्रहणाच्या भाषणात ऑक्सफर्ड-केंब्रिजचा दाखला देत वसतिगृहे, सामाईक भोजनगृह आणि युनियन यांची गरज मांडली. 1907 मध्ये ‘विस्कॉन्सिन युनियन’ ही संघटना स्थापन झाली. मात्र हक्काच्या इमारतीसाठी तिला दोन दशके थांबावे लागले.

पहिल्या महायुद्धानंतर सैन्यात सेवा बजावलेल्यांचे स्मारक म्हणून ही इमारत बांधायचे ठरले. विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि हितचिंतक यांच्याकडून वर्गणी जमवण्यात वर्षे गेली. 11 नोव्हेंबर 1925 रोजी, युद्धविराम दिनी, पहिली कुदळ पडली. वास्तुविशारद आर्थर पीबॉडी यांनी आखलेली इमारत 5 ऑक्टोबर 1928 रोजी खुली झाली. पहिले संचालक पोर्टर बट्स याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. त्यांनी सलग 40 वर्षे कारभार पाहिला आणि युनियन हा शिक्षणाचाच भाग आहे, हा विचार रुजवला.

पुढची वर्षे मंदीची होती. तरीही विस्तार थांबला नाही. 1939 मध्ये नाट्यगृहाचा नवा भाग उभा राहिला आणि आल्फ्रेड लंट व लिन फॉन्टान यांनी शेक्सपिअरच्या नाटकाने रंगमंचाचा पडदा उघडला. एक उणीव मात्र राहिली होती. भित्तिचित्रांनी सजलेल्या ‘रॅथ्सकेलर’ या उपाहारगृहात सुरुवातीला फक्त पुरुषांना प्रवेश होता. 1941 मध्ये ते दार विद्यार्थिनींसाठीही पूर्णपणे उघडले.

वाढत्या विद्यार्थिसंख्येसाठी 1971 मध्ये ‘युनियन साउथ’ ही दुसरी इमारत आली. पुढे दोन्ही वास्तू कालबाह्य ठरू लागल्या. 2006 मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान करून स्वतःवरच वाढीव शुल्क लावून घेतले. जुनी युनियन साउथ पाडून 2011 मध्ये नवी उभारण्यात आली. 2012 पासून मेमोरियल युनियनचे नूतनीकरण टप्प्याटप्प्याने हाती घेण्यात आले. पहिल्या टप्प्यानंतर 2014 मध्ये नाट्यगृह पुन्हा खुले झाले; 2017 मध्ये सारे काम पूर्णत्वास गेले. कामाच्या काळात इमारतीचे काही भाग बंद राहिले, गैरसोय झाली. पण जुने रूप शक्य तितके जपले गेले.

आज वसंत ऋतूत युनियनच्या सरोवराकाठच्या खुल्या अंगणात हिरव्या, पिवळ्या, नारिंगी लोखंडी खुर्च्या मांडल्या जातात. त्यांच्या पाठीवर उगवत्या सूर्याची किरणे कोरलेली असतात. 2006 मध्ये मत देणारे बहुतेक विद्यार्थी काम पुरे होण्याआधीच पदवी घेऊन गेले होते. 1920 च्या दशकातील अनेक वर्गणीदारांचेही तसेच झाले होते. आपल्यामागून येणाऱ्यांसाठी खुर्ची मांडून ठेवण्याची ती रीत या वास्तूने जवळपास शंभर वर्षे सांभाळली आहे.