कारी

कारी : महानगरातील एका व्यथित तरुणीच्या मानसिक जडणघडणीची इंग्रजी चित्रकादंबरी. लेखन व चित्रे अमृता पाटील यांची. प्रकाशन हार्परकॉलिन्स इंडिया, २००८.

पाटील यांचा जन्म १९७९ साली पुण्यात झाला आणि बालपण गोव्यात गेले. गोवा कला महाविद्यालयानंतर त्यांनी बॉस्टनमध्ये कलाशिक्षण घेतले.

कारी आणि रूथ या प्रेमिकांच्या आत्महत्येच्या प्रयत्नाने कथानक सुरू होते. दोघी वाचतात. रूथ निघून जाते. कारी जाहिरातसंस्थेतील नोकरी आणि गजबजलेले सामायिक घर यांत मागे उरते. तिचा जीव गटाराच्या पाण्याने वाचवलेला असतो, म्हणून कल्पनेत ती रात्री त्याच गटारांतून नाव वल्हवते. कर्करोगाने मृत्युपंथाला लागलेल्या एंजलशी जुळलेले तिचे नाते हा कथेचा सर्वांत हळवा भाग आहे. चित्रे बहुतांशी काळी-करडी असून रंग मोजक्याच जागी, पण नेमके उतरतात. निवेदन कारीचेच, प्रथमपुरुषी आहे (पहा : चित्रकादंबरी).

समलिंगी संबंध भारतात गुन्हा असतानाच्या काळात (पहा : कलम ३७७) अशी नायिका मध्यवर्ती ठेवणे हे या कृतीचे धाडस. खचलेल्या तरुण मनाचा चित्रांतून घेतलेला शोध जपानमध्ये इनिओ असानो यांच्या ‘ओयासुमी पुनपुन’मध्ये (२००७–१३) आढळतो (पहा : मांगा), मराठी गद्यात ‘कोसला’ (१९६३) ही कादंबरी त्याच्या जवळची. ‘आदिपर्व’ (२०१२) व ‘सौप्तिक’ (२०१६) या पुढील कृतींत पाटील महाभारताकडे वळल्या.