नोकरी सांभाळून इंजिनिअरिंगची पदवी : खरा मार्ग कोणता, फसवा कोणता?

आयटीआय किंवा डिप्लोमा झाला की घरची परिस्थिती पाहून कंपनीत लागायचे, ही आपल्या वस्त्यांमधील असंख्य तरुणांची वाट आहे. पाच-सात वर्षांत काम हातात बसते, मशीन कळते. पण पदवी नसल्याने बढती सुपरवायझरच्या पुढे सरकत नाही. अशा वेळी 'घरबसल्या बी.टेक.'च्या जाहिराती खुणावतात. तिथे फसगत झाली तर घामाचा पैसा आणि उमेदीची वर्षे दोन्ही जातात. म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

कमावता कमावता शिकणे आपल्याला नवे नाही. बाबासाहेबांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरदार विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरवले जात.

मान्य मार्ग

दोन वर्षांचा आयटीआय झालेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमाधारकांना पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे पदवी तीन वर्षांत. त्यासाठी डिप्लोमाला 45 टक्के, राखीव प्रवर्गाला 40 टक्के गुण लागतात.

एआयसीटीईने 2023-24 पासून नोकरदारांसाठी वेगळ्या तुकड्यांना परवानगी दिली आहे. वर्ग कामाच्या वेळेला सोयीचे ठेवता येतात. किमान एक वर्षाचा पूर्णवेळ नोकरीचा अनुभव लागतो आणि कामाचे ठिकाण महाविद्यालयापासून ठरावीक अंतराच्या आत असावे लागते. प्रयोगशाळा आणि परीक्षा मात्र प्रत्यक्षच द्याव्या लागतात.

इथे सावध राहा

दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन बी.टेक. देण्यास यूजीसीच्या 2020 च्या नियमांनुसार मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने 3 नोव्हेंबर 2017 च्या निकालात काही अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातील इंजिनिअरिंग पदव्या अमान्य ठरवल्या. 2001 ते 2005 दरम्यान प्रवेश घेतलेल्यांना परीक्षा देऊन पदवी वाचवण्याची संधी मिळाली. नंतरच्यांच्या पदव्या रद्द झाल्या. त्या पदवीवर मिळालेली बढतीही त्यासोबत गेली.

एएमआयई ही जुन्या पिढीची ओळखीची परीक्षा. पण पदवीशी तिची समकक्षता 31 मे 2013 पर्यंत नोंदणी केलेल्यांनाच आहे. आज नव्याने तिच्या भरवशावर सरकारी नोकरीचे गणित मांडू नका.

'एका वर्षात डिग्री', 'हजेरीची गरज नाही', 'मागच्या तारखेचा प्रवेश करून देतो' असे कोणी म्हणाले, की तिथून निघा.

खरी कसोटी

डिप्लोमातून आलेल्यांची पहिली अडचण गणित असते. पहिल्या वर्षाचे गणित न शिकताच दुसऱ्या वर्षाचा पेपर समोर येतो. इंटिग्रेशन कच्चे असेल तर लाप्लास आणि फूरिए अवघड जातात. म्हणून प्रवेशाआधीचे दोन-तीन महिने फक्त गणिताला द्या.

दुसरी अडचण शिफ्टची. फिरती पाळी असेल तर प्रवेशाआधीच साहेबांशी बोला, परीक्षेच्या दिवसांसाठी रजा शिल्लक ठेवा. ओव्हरटाइम कमी होईल, पगार घटेल. घरच्यांना हे आधी सांगा. रात्रपाळीनंतर चार तास पुस्तक धरण्यापेक्षा रोज दीड तास नेमाने अभ्यास टिकतो.

फी भरण्याआधी

- महाविद्यालयाला, त्या शाखेला आणि चालू वर्षाला एआयसीटीईची मान्यता आहे का, ते एआयसीटीईच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा.
- पदवी कोणते विद्यापीठ देणार, हे लेखी घ्या.
- जातीचा दाखला आणि जात पडताळणी प्रमाणपत्र तयार ठेवा. पडताळणीला वेळ लागतो.
- मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा वार्षिक अडीच लाख आहे. पगार धरून हिशेब करा, शिष्यवृत्ती मिळेलच असे गृहीत धरून कर्ज काढू नका.
- पैसे महाविद्यालयाच्या खात्यातच भरा, पावती घ्या. एजंटच्या हातात रोख देऊ नका.

तुमच्या विहारात, वस्तीत, कंपनीत कोणी अशा जाहिरातीला भुलून पैसे भरायला निघाला असेल, तर त्याला आजच गाठा.