कायदेविषयक सल्ल्यातील अडथळे (भारत)

जमिनीची वाटणी, थकलेली मजुरी, पोटगी, भाडेकरार, अटक अशा प्रसंगी कायद्याचा आधार उपलब्ध असूनही अनेक व्यक्ती वकिलाचा सल्ला घेत नाहीत. खर्च हे त्याचे ठळक कारण असले, तरी ते एकमेव नाही. भारतात अनेक समाजघटकांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. मात्र तो सहसा मागावा लागतो, आणि अनेक अडथळे मागणीच्या आधीच उभे राहतात.

संकल्पना

विल्यम फेल्स्टिनर, रिचर्ड एबल व ऑस्टिन सॅरट या अभ्यासकांनी १९८०च्या सुमारास तंट्याच्या उगमाचे तीन टप्पे मांडले: अन्याय झाल्याचे ओळखणे, त्यासाठी कोणाला तरी जबाबदार धरणे आणि त्याच्याकडे दाद मागणे. पहिला टप्पाच गाठला गेला नाही, तर वकिलाकडे जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

कारणे

* हक्काची जाणीव नसणे: हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील २००५च्या दुरुस्तीनुसार एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. तरीही तो भावाच्या मर्जीचा विषय समजला जातो. माहेर तुटू नये म्हणून सल्ला न घेता हक्कसोडपत्रावर सही केली जाते.
* खर्च: फी, न्यायालय शुल्क, प्रवास आणि प्रत्येक तारखेला बुडणारा रोज यांचा आधी अंदाज येत नाही. निकालातून मिळणाऱ्या रकमेचा हिस्सा फी म्हणून ठरवण्यास भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी मनाई आहे. त्यामुळे हाती पैसा नसलेल्यास तो मार्गही बंद असतो.
* निवडीची अडचण: वकिलांना व्यवसायाची जाहिरात करता येत नाही. साहजिकच सामान्य माणूस नातेवाईक, दस्तलेखक किंवा गावातील पुढारी यांच्यावर विसंबतो.
* सामाजिक दडपण: ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण सर्वश्रुत आहे. भावकीत तंटा नेणे कमीपणाचे मानले जाते.
* भाषा: अर्ज व निकाल यांची परिभाषा दुर्बोध असते. उच्च न्यायालयाचे कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालते.

परिणाम

विलंबामुळे हक्क बजावण्याचा मार्गच बंद होऊ शकतो. मुदत अधिनियम, १९६३ नुसार उसनवारीच्या वसुलीचा दावा साधारणपणे ३ वर्षांत, तर दिवाणी अपील जिल्हा न्यायालयात ३० आणि उच्च न्यायालयात ९० दिवसांत करावे लागते. सबळ कारण असल्यास अपिलातील विलंब माफ होऊ शकतो. दाव्याला ही सवलत नाही.

मोफत विधी सेवा

४२व्या घटनादुरुस्तीने (१९७६) संविधानात अनुच्छेद ३९-अ समाविष्ट झाला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अंमलात आला. त्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपद्‌ग्रस्त, कोठडीतील व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक पात्र ठरतात. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

न्यायनिर्णय

होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला अपिलासाठी मोफत वकील देणे आवश्यक मानले. खत्री विरुद्ध बिहार राज्य (१९८१) या निर्णयाने आरोपीला या हक्काची माहिती देण्याचे कर्तव्य न्यायदंडाधिकाऱ्यांवर व सत्र न्यायाधीशांवर सोपवले. शीला बारसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८३) या प्रकरणात अटकेची माहिती पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला तत्काळ द्यावी, असे निर्देश दिले गेले. सुक दास खटल्यात (१९८६) आरोपीने वकील मागितला नव्हता. तरीही त्याला या हक्काची माहिती न दिल्यामुळे त्याची शिक्षा रद्द झाली.

फौजदारी प्रकरणांत माहिती देण्याची जबाबदारी अशा रीतीने न्यायालयावर आली आहे. दिवाणी व कौटुंबिक तंट्यांत मात्र सहसा गरजू व्यक्तीनेच पुढे यावे लागते. हक्क ठाऊक नसलेला मनुष्य तेथे मदतीबाहेरच राहतो.