वरोऱ्याचा कोळसा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात 'गोंडवन' हा शब्द हमखास भेटतो. १८७२ साली मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञाने हे नाव योजले, ते गोंडांच्या मुलखावरून. पुढे एका अतिप्राचीन भूखंडालाच ते चिकटले. आमच्या चांद्याच्या पोटातला कोळसा याच गोंडवनी थरांतला, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. चांदा आणि बल्लारपूर या गोंड राजांच्या राजधान्या. म्हणून इथला इतिहास वाचताना मला किल्ला आणि खाण ही दोन्ही एकदमच दिसतात.

इंग्रजांना कोळसा हवा होता तो आगगाडीसाठी. बंगालचा राणीगंज दूर आणि विलायती कोळसा महाग. १८७१ च्या सुमारास सरकारने वरोऱ्याला खाण सुरू केली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून लोहमार्ग टाकला. कोळशासाठी आलेल्या त्या गाडीने कापूसही वाहिला आणि वरोऱ्याची बाजारपेठ भरभराटली.

कोळसा मात्र फारसा गुणी नव्हता. त्यात ओल जास्त, राखही जास्त. शिवाय या खोऱ्यातल्या कोळशाला आपोआप पेटण्याची खोड आहे. ढिगात हवा शिरली की तो आतल्या आत तापतो, ऊब बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि एक दिवस धूर दिसू लागतो. काडी कोणी लावलेलीच नसते! १९०६ साली वरोऱ्याची ती खाण बंद झाली. गाव टिकले, कारण त्याच्या हाती कापूस होता. ज्या गावाला कोळशावाचून दुसरे काहीच नाही त्याचे काय होईल, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पुढे बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, सास्ती अशी रांगच लागली. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि दोन वर्षांनी नागपुरात वेकोलिचे मुख्यालय आले. त्याने कामगाराला कायमचा पगार, दवाखाना, निवृत्तिवेतन मिळाले. हे मोठेच काम झाले, ते नाकारण्यात अर्थ नाही. जमिनीच्या बदल्यात नोकरी मिळालेल्या शेतकऱ्याचे घर पक्के झाले. पण नोकरी एकाच पिढीची, आणि शेत मात्र कायमचे गेले.

भूमिगत खाणींपेक्षा खुल्या खाणी वाढल्या तसे गावाभोवती मातीचे डोंगर उभे राहिले. वरची काळी कसदार माती तळाशी आणि खालचा मुरूम-दगड वर, असा हा उलटा डोंगर. त्यावर गवतही नीट धरत नाही. पावसाळ्यात तो वाहून नाल्यांत उतरतो. १९८० च्या दशकात औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले आणि धुळीत राखेची भर पडली. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक परिसर तपासले, तेव्हा चंद्रपूर अतिप्रदूषित यादीत अगदी वरच्या क्रमांकांत होते. मुंबई-पुण्यात दिवे लागतात ते काही प्रमाणात याच राखेच्या मोलाने, हे तिकडे क्वचितच कोणाला आठवते.

ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुस येथे एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली होती. त्या वस्तीखाली इंग्रजी अमदानीतल्या भूमिगत खाणीची पोकळी होती. आसपासच्या कुटुंबांना आपापली घरे सोडून दुसरीकडे जावे लागले.