पाय ओढणारा उंदीर

अमेरिकेच्या मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेत १९५१ साली उंदरांच्या एका वाणात मागचे पाय ओढत चालणारी पिले आढळली. १९५५ साली मायकेलसन, रसेल व हार्मन यांनी त्यांच्यावर निबंध प्रसिद्ध केला. हा आनुवंशिक विकार मुळात स्नायूंचाच, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. मुलांमधील मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या, म्हणजे स्नायू झिजत जाण्याच्या रोगाच्या, अभ्यासाला प्राणी मिळाला. मग त्या ‘मुळात’वर बरीच वर्षे भरवसा ठेवला गेला.

१९७३ साली ब्रॅडली आणि जेंकिसन यांनी या उंदरांचे मज्जातंतू तपासले. मज्जारज्जूतून ते बाहेर पडतात तिथल्या मुळांत अक्षतंतूंची जुडगीच्या जुडगी मायलिनच्या आवरणाविना, एकमेकांना चिकटून होती. वर्गात आपण रबर चढवलेल्या विजेच्या तारेचा दाखला देतो. तो इथे चांगलाच लागू पडतो: एका उघड्या तंतूतला संदेश शेजारच्या तंतूत शिरतो, हे १९७८ साली रॅस्मिन्स्की यांनी दाखवले.

मग रोग मज्जातंतूंचा म्हणायचा का? त्या दशकात यावर बराच वाद झाला. गंमत अशी, की तोच अक्षतंतू पुढे पायाकडे जाताना मायलिन पांघरतो! म्हणजे खोट तंतूत नव्हती. जन्माच्या सुमारास श्वान पेशी अक्षतंतूंच्या जुडग्यात शिरतात, एकेक जाड तंतू वेगळा काढतात आणि मगच त्याला मायलिनचे वेढे देतात. या पिलांत ही निवडानिवड अर्धवट राहते.

ती का राहते, हे १९९४ साली उलगडले. लॅमिनिन या प्रथिनाची आल्फा-२ नावाची साखळी या उंदरांत फारच कमी असते. स्नायुपेशी आणि श्वान पेशी या दोहोंभोवती पातळ अस्तर असते, आणि ही साखळी दोन्ही अस्तरांत लागते. ती नसल्याने स्नायू झिजतात आणि मज्जातंतूही उघडे राहतात. ड्यूशेन प्रकारच्या डिस्ट्रॉफीत ज्याचा अभाव असतो ते डिस्ट्रोफिन प्रथिन १९८७ साली सापडले होते. ते या उंदरांत शाबूत असते. ड्यूशेनच्या नावाने यांच्यावर झालेल्या प्रयोगांची आम्हांला हळहळ वाटते, पण ते फुकट गेले असे म्हणवत नाही. कारण १९९४ सालीच जन्मतः स्नायू दुबळे असलेल्या काही मुलांत हीच साखळी नसल्याचे आढळले. अशा मुलांच्या मज्जातंतूंतूनही संदेश मंद गतीने जातात.