नागोयाहून निघालेला बेंजो

रॉक संगीताचा इतिहास सांगताना मेम्फिस, लिव्हरपूल, डेट्रॉइट ही गावं येतात. बडनेऱ्याचं नाव त्यात कोणी घेणार नाही. पण ज्या कृतीतून रॉकचा आवाज जन्माला आला, ती आमच्या वऱ्हाडातल्या रस्त्यावरही घडली. पोलादी तारेजवळ चुंबक बसवायचं, तारेचा आवाज विजेवर चढवायचा आणि भर गर्दीत तो सगळ्यांच्या वर न्यायचा, एवढीच ती कृती. रात्री बडनेऱ्याच्या नव्या वस्तीतून संदलची मिरवणूक निघते तेव्हा ढोल-ताशाच्या गदारोळातून एक टोकदार, चिरत जाणारा सूर दूरवर आधी पोचतो. तो बेंजोचा. रॉक आणि पॉप मी आयुष्यभर जिवाभावाने ऐकत आलो आहे आणि माझं ठाम मत आहे की बेंजो हे आपलं इलेक्ट्रिक गिटार आहे. त्याची कुळकथा आपण कधी धडपणे सांगितली नाही, म्हणून हा लेख.

पहिल्यांदा एक घोटाळा दूर करतो. अमेरिकी लोकसंगीतातला बँजो वेगळा. त्याचं कूळ पश्चिम आफ्रिकेतल्या भोपळ्याच्या तंतुवाद्यांचं. गुलाम करून नेलेल्या माणसांनी ते कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत नेलं. आपला बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा आणि तारांवर बसवलेली बटणं. डाव्या हाताने बटण दाबलं की खालची पट्टी तार पडद्यावर दाबते, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. काही तारांवर चाल वाजते, बाकीच्या नुसता आधारस्वर धरून राहतात. उत्तर भारतात याच वाद्याला बुलबुल तरंग म्हणतात.

या पेटीचा जन्म जपानमधल्या नागोया शहरात १९१२ साली झाला. मोरिता गोरो हा तिथला वादक परदेश दौऱ्याहून परतला होता आणि टाइपरायटर त्याच्या मनात भरला होता. टाइपरायटरची कळ आणि जपानी कोतोची तार यांची सांगड त्याने घातली. त्याच वर्षी सम्राट मेइजी वारले आणि तैशो राजवट सुरू झाली, म्हणून वाद्याचं नाव पडलं तैशोगोतो. उद्देश साधा होता: ज्याला वर्षानुवर्षं गुरूपुढे बसणं शक्य नाही त्यालाही घरी चार चाली वाजवता याव्यात. बटणांवर आकडे असत. आकडा बघायचा आणि दाबायचं. जपानमध्ये ते घराघरांत गेलं आणि आजही तिथली वयस्क मंडळी जमून त्याचं समूहवादन करतात.

ते आपल्याकडे कसं आलं हे समजायला आधी कापूस बघावा लागतो. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. पुढे १८७१ मध्ये बडनेरा ते अमरावती हा छोटा फाटा झाला. वऱ्हाडच्या कापसाच्या गाठी या रुळांवरून मुंबईच्या गोदीत जाऊ लागल्या. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने टाटांच्या साथीने मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू केली, मुख्यतः कापसासाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत जपानी गिरण्या भारतीय कापसाच्या मोठ्या गिऱ्हाईक होत्या. १९३३ साली सरकारने जपानी कापडावर जबर जकात बसवली, तेव्हा जपानी गिरण्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार टाकला आणि १९३४ मध्ये दोन्ही सरकारांना करार करून तो मिटवावा लागला. इकडून गाठी जात तेव्हा तिकडून कापड, काचसामान, खेळणी आणि स्वस्त वाद्यं येत. १९३० च्या दशकापर्यंत तैशोगोतो दक्षिण आशियात पोचलं होतं. मकरानच्या किनाऱ्यावर बलुची वादकांनी त्याला मोठं करून ‘बेंजू’ केलं. मालदीवमध्ये ते ‘बुलबुल’ झालं. पूर्व आफ्रिकेत झांझिबार-मोंबासाच्या ताराब संगीतातही ते शिरलं. हिंदी महासागराच्या काठाकाठाने पसरलेलं असं दुसरं वाद्य मला चटकन आठवत नाही.

आपल्या मातीत ते रुजलं, कारण त्याच्याआधी बाजाची पेटी रुजलेली होती. भजनी मंडळात हार्मोनियमवर बोटं फिरवलेल्या माणसाला बेंजोच्या कळा परक्या वाटत नाहीत. आधारस्वराच्या तारा तंबोऱ्याच्या सवयीच्या कानाला गोड लागतात. अडचण एकच. तार छेडली की सूर लगेच विरतो. त्यावर वादकांनी तोडगा काढला, नखी इतक्या वेगाने मागेपुढे चालवायची की सूर तुटूच नये. मँडोलिनवालेही हेच करतात. बेंजोचा तो थरथरता, अखंड आवाज या गरजेतून आला आहे.

घरात हे सगळं ठीक होतं. रस्त्यावर मात्र ताशापुढे लाकडी पेटीचा काय निभाव लागणार? अगदी हाच प्रश्न अमेरिकेत गिटारवाल्यांना पडला होता. १९२० च्या दशकात तिथल्या नाचाच्या बँडमध्ये पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकूच येत नसे. लॉस एंजेलिसमध्ये मांडीवर आडवं ठेवून हवाईयन गिटार वाजवणाऱ्या जॉर्ज बीचमने १९३१ मध्ये तारांभोवती चुंबक आणि खाली बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असं यंत्र, म्हणजे पिकअप, जमवलं. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेटोळ्यात अगदी सूक्ष्म वीज तयार होते आणि अँप्लिफायर ती वाढवून स्पीकरमध्ये सोडतो. अडॉल्फ रिकेनबॅकरच्या कारखान्यात १९३२ पासून ते गिटार विक्रीसाठी बनू लागलं. त्याच्या गोल-लांबोड्या आकारामुळे लोक त्याला ‘तवा’च म्हणत. जगातलं पहिलं यशस्वी इलेक्ट्रिक गिटार ते हेच, आणि तेही बेंजोसारखं मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं!

बेंजोच्या तारा पोलादीच. त्यामुळे गिटारचं तंत्र त्याला जसंच्या तसं लागू पडलं. पेटीत पिकअप बसला, कडेला वायर खोचायची जागा झाली आणि बेंजो भोंग्याला जोडला गेला. मुंबई-कोकणातल्या बेंजो पार्ट्यांनी गणपतीत आणि गोविंदात तो गाजवला. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट केला, तो त्या दुनियेवर. विदर्भाकडे मात्र त्या चित्रपटाचा कॅमेरा वळला नाही, याची मला खंत आहे. कारण आमच्याकडे बेंजोचा संसार वेगळ्या घरात वाढला.

ते घर म्हणजे संदल. उरुसात दर्ग्यावर चंदनाचा लेप चढवायला जी मिरवणूक निघते ती संदलची. नागपूरला ताजुद्दीन बाबांच्या उरुसात निघणारा शाही संदल प्रसिद्ध आहे. बाबा १९२५ मध्ये गेले. ताजबागेत आजही सर्व धर्मांचे लोक येतात. या मिरवणुकांत वाजवणारे ताफे पुढे लग्नाच्या वरातीत आले, गणपतीत आले, दुर्गादेवीच्या विसर्जनात आले, १४ एप्रिलच्या भीमजयंतीत आले. विदर्भात आता ‘संदल सांगितला’ म्हटलं की वाजवणारा ताफा ठरवला असा अर्थ होतो. छोट्या मालवाहू गाडीवर जनरेटर, भोंगे, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, खाली रस्त्यावर ताशे आणि ढोल, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बेंजो. दर्ग्याची कव्वाली, देवीचं गाणं, भीमगीत आणि सिनेमातलं ताजं गाणं हे सारं त्याच तारांवर. पोरं ओरडतात, “भाऊ, थे दुसरं लाव ना बे!” आणि वादक गाणं न थांबवता चाल बदलतो. एका मोहल्ल्याचा उत्सव दुसऱ्या मोहल्ल्याच्या वादकांनी वाजवायचा, हे आमच्याकडे इतकं रोजचं आहे की कोणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे.

आता आवाजाविषयी. जाणकार कान संदलच्या बेंजोला नावं ठेवतात: भोंगा फाटतो, सूर खरखरतो. मी म्हणतो, रॉकचा जन्म फाटक्या भोंग्यातूनच झाला. १९५८ मध्ये लिंक रे या अमेरिकी गिटारवादकाने अँप्लिफायरच्या स्पीकरला मुद्दाम भोकं पाडली. १९६४ मध्ये लंडनच्या ‘द किंक्स’मधल्या डेव्ह डेव्हिसने स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला आणि त्या खरखरीत आवाजाने इंग्लंडमध्ये पहिला क्रमांक मिळवला. पुढच्या वर्षी ‘द रोलिंग स्टोन्स’नी तीच खरखर पायाने दाबायच्या छोट्या यंत्रातून काढली. आवाज फाटला की त्यात मूळ सुराच्या पटीतले अनेक सूर मिसळतात आणि तो जास्त वेळ टिकतो. म्हणून तो अंगावर येतो. आमच्या भोंग्यांतही नेमकं हेच होतं. काही वादक तर गिटारसाठी बनलेले इफेक्ट पेडल बेंजोला लावतात आणि मग डोळे मिटले तर वाद्य कोणतं हे ओळखणं खरंच कठीण जातं.

सूरही परके राहिले नाहीत. एमटीव्ही ही वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी ज्या गाण्याने सुरू झाली ते ‘द बगल्स’ या ब्रिटिश जोडीचं १९७९ मधलं गाणं. त्याची चाल १९८२ मध्ये बप्पी लाहिरींनी ‘डिस्को डान्सर’मध्ये आणली. १९७७ च्या ‘हम किसीसे कम नहीं’मध्ये ‘आबा’ या स्वीडिश ग्रुपची चाल आहे, १९६५ च्या ‘जानवर’मध्ये बीटल्सची. ‘शोले’मध्ये हेलनवर चित्रित झालेल्या गाण्याचं मूळ डेमिस रूसोसच्या १९७४ च्या गाण्यात आहे. चालींच्या या उचलेगिरीवर पुष्कळ टीका झाली आणि मूळ संगीतकारांचं श्रेय बुडालं हे खरंच आहे. पण दुसरी बाजूही मला दिसते. इंग्रजीचा गंध नसलेल्या, कधी परदेशी तबकडी न पाहिलेल्या वादकाने बगल्सची चाल बडनेऱ्याच्या रस्त्यावर ताशाच्या ठेक्यात बसवली आणि तिच्यावर माणसं घामाघूम होईस्तोवर नाचली. इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर कॅसेट घासून ऐकणाऱ्या पोरांनी पॉप ऐकलं. ते वाजवलं मात्र बेंजोवाल्यांनी.

आता जी गोष्ट कळल्यावर मी थक्क झालो ती सांगतो. मायकेल रोथर आणि क्लाउस डिंगर हे दोघे १९७१ मध्ये ‘क्राफ्टवेर्क’मधून बाहेर पडले आणि जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये त्यांनी ‘नॉय!’ हा ग्रुप काढला. त्यांचा पहिला अल्बम १९७२ चा. डेव्हिड बोवीपासून पुढच्या कित्येकांनी या ग्रुपचं ऋण मान्य केलं आहे. त्या अल्बममधला थांबायचं नाव न घेणारा सरळ ठेका आज रॉकच्या इतिहासात स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच अल्बमवर डिंगरच्या नावापुढे ड्रम, गिटार आणि गाणं यांच्या जोडीला लिहिलंय ‘जपान बेंजो’. म्हणजे मोरिता गोरोची तीच पेटी! युरोपातल्या सर्वांत धाडसी रॉक अल्बमपैकी एकावर जे वाद्य आहे, ते आपल्याकडे मिरवणुकीतलं म्हणून संगीताच्या चर्चेबाहेर राहिलं.

आणि हे फक्त जुनं नाही. बलुचिस्तानात पसनीच्या बाजूला राहणारा नूर बख्श हा वयस्क वादक आयुष्यभर विजेवरचा बेंजू वाजवत आला. २०२२ मध्ये त्याचा ‘जिंगुल’ हा अल्बम आला आणि पुढे युरोपातल्या महोत्सवांत रॉकच्या श्रोत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. कारण कोणीतरी त्याच्याकडे गेलं, नीट रेकॉर्डिंग केलं आणि त्याचं नाव छापलं.

आपल्या बेंजोवाल्यांचं असं काही झालेलं नाही. उलट डीजेच्या भिंतींनी त्यांची कामं खाल्ली आहेत. भिंतीला माणूस लागत नाही, सराव लागत नाही, पेनड्राइव्ह पुरतो. संदलच्या गाडीवरही आता पुष्कळदा कीबोर्डच बेंजोची चाल धरतो आणि तारा पेटीतच राहतात. वडिलांकडून मुलाकडे आलेली ही विद्या कोणी लिहून ठेवलेली नाही. कोणत्या चालीला कोणती पट्टी धरायची, थंडीत तारांचा सूर कसा हलतो, चालत्या गाडीवर सूर कसा राखायचा, हे सगळं त्या बोटांतच आहे.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. घरी लग्न असो की मंडळाची देवी, ताफा ठरवताना बेंजो वाजवणारा माणूस आहे का हे आधी विचारा. असेल तर मंडळाच्या फलकावर त्याचं नाव लिहा. मिरवणुकीआधी तासभर त्याला शांत जागी बसवून नुसत्या मोबाइलवर का होईना, त्याचं वादन नीट ध्वनिमुद्रित करा आणि तो कोणाकडून शिकला हे विचारून टिपून ठेवा. अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठाने आणि इथल्या महाविद्यालयांतल्या संगीत शिकवणाऱ्यांनी हे काम हाती घेतलं तर फारच उत्तम. पण त्यांची वाट बघत बसू नका. येत्या नवरात्रातच सुरुवात करा.