बायबलचे रोजचे वाचन: ख्रिस्ती माणूस वचनातून देवाजवळ कसा जातो?

वसई, अहिल्यानगर, पुणे, जालना किंवा मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती घरांत एक दृश्य ओळखीचे असते. रात्रीची जेवणे उरकली की घरातले कोणीतरी बायबल उघडते. एक उतारा वाचला जातो, एखादे गीत होते आणि प्रार्थना होते. आजारी शेजारी, परीक्षेला बसलेला मुलगा, गावाकडची आजी यांची नावे त्या प्रार्थनेत घेतली जातात. सगळे पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. प्रोटेस्टंट घरांत याला कौटुंबिक प्रार्थना किंवा कुटुंबोपासना म्हणतात. कॅथलिक घरांत याच वेळी बहुधा रोजरीची प्रार्थना होते आणि अलीकडे तिच्या जोडीला शुभवर्तमानाचा उताराही वाचला जातो.

या छोट्या नेमामागे एक मोठी श्रद्धा आहे. या पुस्तकातून देव आजही बोलतो, असे ख्रिस्ती माणूस मानतो. त्यामुळे हे वाचन केवळ माहितीसाठी नसते, ऐकण्यासाठी असते. ते ऐकणे कसे होते, त्यात काय अडथळे येतात आणि मराठीत ही वाट कोणी पाडली, ते पाहू.

बायबल हे एक पुस्तक नव्हे

नव्या वाचकाचा पहिला गोंधळ इथेच होतो. बायबल हा अनेक ग्रंथांचा संग्रह आहे. प्रोटेस्टंट बायबलमध्ये जुन्या कराराचे 39 आणि नव्या कराराचे 27 असे 66 ग्रंथ आहेत. कॅथलिक बायबलमध्ये जुन्या करारात आणखी 7 ग्रंथ असल्याने ही संख्या 73 होते. त्यांत इतिहास आहे, कायदे आहेत, वंशावळ्या, गीते, म्हणी, संदेष्ट्यांची भाषणे, चरित्रे आणि पत्रेही आहेत.

अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकात स्टीफन लँग्टन यांच्या नावाशी जोडली जाते. नव्या कराराच्या वचनांना आजचे क्रमांक 1551 मध्ये रोबेर एस्तिएन या मुद्रकाने दिले. शोधायला हे आकडे सोयीचे आहेत, पण त्यांच्यामुळे एकेक वचन सुटे करून वाचायची सवयही लागते. त्या सवयीचा धोका पुढे येईलच.

मराठीत वचन कसे आले?

मराठी माणसाला ख्रिस्ताची कथा आपल्या भाषेत आणि आपल्या छंदात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मिळाली ती गोव्यात. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले. ते बायबलचे भाषांतर नाही. जगाच्या निर्मितीपासून ख्रिस्तापर्यंतची कथा सांगणारा तो दहा हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ आहे. पुराण ऐकायची सवय असलेल्या लोकांना नव्या श्रद्धेची कथाही ऐकता यावी, ही त्यामागची गरज होती.

नवा करार मराठीत छापला गेला तो 1811 मध्ये, बंगालमधील श्रीरामपूर येथे. विल्यम कॅरी यांच्या त्या कामात वैजनाथ या पंडितांची मोठी मदत होती. अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत आले आणि 1826 मध्ये त्यांनी स्वतंत्रपणे केलेला नवा करार प्रसिद्ध झाला. पुढे भाषांतरे सुधारत गेली. आज मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे ‘पवित्र शास्त्र’ सर्रास वापरले जाते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आजच्या मराठीत आणि समजावणाऱ्या टिपांसह असल्याने ख्रिस्तेतर वाचकांपर्यंतही पोहोचले आहे.

भाषेचा प्रश्न पंडिता रमाबाईंना विशेष जाणवला. रमाबाई (1858–1922) संस्कृतच्या विदुषी. सिल्चरला असताना त्यांच्या हाती लूकचे शुभवर्तमान बंगालीत आले, आणि 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या, टाकलेल्या, विधवा झालेल्या स्त्रिया त्यांच्याभोवती होत्या. उपलब्ध भाषांतरांतले संस्कृतप्रचुर मराठी या स्त्रियांच्या डोक्यावरून जाते, हे त्यांनी पाहिले. म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. संस्कृतात शास्त्रार्थ करू शकणाऱ्या बाईने अक्षरओळख नुकती झालेल्या बाईसाठी सोपे लिहिले. वचन कोणाला समजले पाहिजे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपल्या कामातूनच दिले.

वाचनाने घर हलते तेव्हा

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट मराठीत सुपरिचित आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक गोरे गृहस्थ भेटले. कवितेवर, धर्मावर बोलणे झाले आणि निरोप घेताना त्या गृहस्थांनी त्यांना नवा करार दिला. टिळकांनी तो वाचायला घेतला आणि मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतल्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. वैऱ्यावरही प्रेम करायला सांगणारी ती शिकवण त्यांच्या मनातून जाईना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

याची किंमत मात्र एकट्या टिळकांनी दिली नाही. लक्ष्मीबाई कित्येक वर्षे पतीपासून दूर राहिल्या. नंतर त्या परत आल्या आणि स्वतः विचार करून 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हा काळ कोणावर राग न धरता आणि स्वतःवरही हसत सांगितला आहे. वचनवाचन ही नेहमीच शांत, सुखाची गोष्ट असते असे नाही, हे या घराच्या इतिहासातून दिसते. टिळकांची गीते आज ‘उपासना संगीत’मधून मंडळ्यांत गायली जातात. गाणाऱ्यांपैकी अनेकांना वचनाची पहिली ओळख याच गीतांतून होते.

वाचण्याच्या रूढ पद्धती

*क्रमाने वाचन.* प्रोटेस्टंट बायबलमध्ये 1,189 अध्याय आहेत. आठवड्याचे सहा दिवस रोज 3 आणि रविवारी 5 अध्याय वाचले, तर वर्षभरात बायबल पुरे होते. स्कॉटलंडमधील पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी 1842 मध्ये आपल्या मंडळीसाठी एक तक्ता केला होता. त्यात वर्षभरात जुना करार एकदा, तर नवा करार आणि स्तोत्रे दोनदा वाचून होतात. तो तक्ता अजूनही जगभर वापरात आहे.

*चर्चच्या पंचांगाप्रमाणे वाचन.* कॅथलिक मिस्सेतील रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात बसवलेली आहेत. पहिल्या वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क आणि तिसऱ्या वर्षी लूक येतो. योहानाचे उतारे विशेषतः पुनरुत्थानकाळात येतात. जे वाचन वसईच्या चर्चमध्ये, तेच त्या दिवशी जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये असते. घरी तोच उतारा आधी वाचून गेले, तर मिस्सेत तो जास्त कळतो.

*थोडे वाचून मुरवणे.* बाराव्या शतकातील गिगो दुसरे या कार्थुसियन मठवाशांनी या पद्धतीच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन. श्रवण, मनन, निदिध्यासन हे शब्द ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही चाल परकी वाटणार नाही. फरक असा की इथे मधल्या पायरीवर वाचक वचन सांगणाऱ्या देवाशी बोलू लागतो.

एक उतारा वाचून पाहू

मार्कच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी बार्तीमयाची गोष्ट आहे. यरीहोच्या वाटेवर हा आंधळा भिकारी बसलेला आहे. येशू जात आहे असे कळताच तो ओरडतो. लोक त्याला गप्प बसवतात, तेव्हा तो अधिकच मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलावतो आणि विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावे? त्याला दृष्टी हवी असते. ती मिळते आणि तो येशूच्या मागे चालू लागतो.

पहिल्यांदा नुसते वाचायचे, शक्य तर मोठ्याने. दुसऱ्यांदा वाचताना कुठे अडखळायला होते ते पाहायचे. इथे एक तपशील सहज सुटतो. बोलावणे येताच बार्तीमय आपले वस्त्र टाकून उठतो. गहाण घेतलेले गरिबाचे वस्त्र सूर्य मावळण्यापूर्वी परत करावे, असा नियम निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात आहे, कारण रात्रीचे पांघरूण तेच असे. म्हणजे भिकाऱ्याने फेकले ते बहुधा त्याचे सर्वस्व होते, आणि तेही दृष्टी मिळण्याच्या आधी.

मग गोष्ट स्वतःकडे वळते. आपण गर्दीतले आहोत का, कोणाला गप्प बसवणारे? काय हवे असे विचारले तर नेमके सांगता येईल का? या प्रश्नांचे खरे उत्तर देवासमोर मांडणे हीच तिसरी पायरी, प्रार्थना. चौथीत बोलणेही थांबते. सात वचनांना वीस मिनिटे लागली तरी तो वेळ वाया जात नाही.

नेहमी होणाऱ्या चुका

*सुटे वचन उचलणे.* यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन घराघरांत भिंतीवर दिसते. देवाचे बेत हिताचे आहेत आणि पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. पण ते ज्या पत्रात आहे, ते बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेले आहे. सुटका सत्तर वर्षांनी होईल, तोवर तिथेच घरे बांधा, मळे लावा आणि त्या शहराचे भले चिंता, असे ते पत्र सांगते. हे कळले की वचन कमी होत नाही, उलट खोल जाते. झटपट यशाच्या हमीऐवजी ते लांबलेल्या परदेशवासात तग धरायला शिकवते.

*डोळे मिटून पान उघडणे.* मोठा निर्णय घ्यायचा म्हणून बायबल कुठेही उघडून बोट ठेवायचे, असे काही जण करतात. बहुतेक पाळक आणि धर्मगुरू याला प्रोत्साहन देत नाहीत, कारण त्यात वचन ऐकण्यापेक्षा कौल लावणे अधिक असते.

*उत्पत्तीपासून सुरुवात करून लेवीयमध्ये अडकणे.* उत्पत्ती आणि निर्गममध्ये कथा आहे, म्हणून वाचन वेग घेते. लेवीयचे होमबलींचे नियम आले की अनेकांचा नेम सुटतो. नवख्याने मार्कपासून सुरुवात करावी, असे म्हणूनच सुचवले जाते. मार्कचे 16 अध्याय एका दुपारी वाचून होतात. नंतर लूक, प्रेषितांची कृत्ये आणि जोडीला रोज एक स्तोत्र घेता येते. नीतिसूत्रांचे 31 अध्याय महिन्याच्या तारखांप्रमाणे वाचण्याचीही पद्धत आहे.

काहीच वाटत नाही तेव्हा

नेमाने वाचणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कोरडे दिवस येतात. शब्द तेच असतात, पण मन हलत नाही. घरात मृत्यू झाला, नोकरी गेली, प्रार्थना करूनही आजार बळावला, तर पुस्तक उघडावेसेही वाटत नाही. आपली श्रद्धाच कमी पडली, असा अपराधीपणा मग वरून येतो.

अशा वेळी स्तोत्रसंहिता उपयोगी पडते. तिच्या 150 स्तोत्रांत स्तुती आहे, तितक्याच मोकळेपणाने गाऱ्हाणेही आहे. किती काळ विसरणार, तोंड का लपवतोस, असे देवालाच विचारलेले आहे. यातली बहुतेक गाऱ्हाणी शेवटी आशेकडे वळतात, पण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वळत नाही. ते अंधारातच संपते. तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवले गेले. तक्रार हीसुद्धा प्रार्थना असू शकते, याचा याहून मोठा दाखला नाही. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलेला टाकून दिल्याचा आक्रोशही बाविसाव्या स्तोत्राचाच आरंभ आहे.

कोरड्या काळात जुनी मंडळी काही साध्या गोष्टी सांगतात. वाचन कमी करा, पण वेळ मोडू नका. स्वतः वाचवत नसेल तर दुसऱ्याला वाचायला सांगा आणि ऐका. शब्द सुचत नसतील तर स्तोत्रच प्रार्थना म्हणून म्हणा. आणि एकटे राहू नका. हे ग्रंथ छपाई येण्याच्या कितीतरी आधी मंडळीत मोठ्याने वाचले जात होते. एकट्याने, मनातल्या मनात वाचणे ही त्यामानाने अलीकडची सोय आहे.

जवळीक कशावरून ओळखावी?

किती अध्याय झाले यावरून ती ओळखता येत नाही, आणि वाचताना डोळ्यांत पाणी आले का यावरूनही नाही. याकोबाच्या पत्रात यावर आरशाचा दृष्टान्त आहे. वचन ऐकून त्याप्रमाणे न वागणारा माणूस आरशात तोंड पाहून निघून जाणाऱ्या आणि आपण कसे दिसतो ते लगेच विसरणाऱ्या माणसासारखा आहे. म्हणून कसोटी पुस्तक मिटल्यानंतरची असते. भावाशी थांबलेले बोलणे सुरू झाले का, दुकानातला हिशोब सरळ झाला का, कामवालीशी बोलण्याचा सूर बदलला का. बायबल वाचणाऱ्या घरात हे बदल हळूहळू होतात, आणि बऱ्याचदा वाचणाऱ्याआधी ते घरातल्या इतरांच्या लक्षात येतात.